मॉरिस मायनरचा मीटर आतून धुरकट झालाय, स्वतः उघडावा का?

रंकाळा_रायडर
नमस्कार मंडळी, मामांची १९६१ ची मॉरिस मायनर १००० आता माझ्याकडे कोल्हापूरला आलीये, बरीच वर्षं रत्नागिरीत पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, त्यामुळे खारी हवा आणि पावसाने जे करायचं ते केलंय. इंजिन सुरू झालं, ब्रेकचं काम चाललंय, पण डॅशबोर्डकडे बघवत नाही. मायनरला मधोमध तो एकच मोठा गोल मीटर असतो, त्याची काच आतून धुरकट, डायलवर बुरशीचे ठिपके, क्रोमच्या रिंगला गंज. काटा ३० मैलाच्या पुढे गेला की थरथरतो. पेट्रोलचा काटा तर टाकीत काहीही असो, कायम फुल्ल. रात्री लाइट लावला तर विझत आलेल्या समईएवढा उजेड. इथले एक मेकॅनिक म्हणतात काढून द्या, पेट्रोलने धुवून नवीन डायल छापून चिकटवून देतो. द्यावा का? स्वतः उघडायचं म्हटलं तर रिंगला एकही स्क्रू दिसत नाही.

डबल_क्लच
पेट्रोलने??? अजिबात देऊ नका हो. त्या काळच्या स्मिथ्सच्या (मीटर बनवणारी ब्रिटिश कंपनी) डायलवरचे आकडे रंगावर छापलेले असतात, पेट्रोल, थिनर, स्पिरिट, अगदी काच पुसायचं कॉलिनसुद्धा लागलं तरी आकडे कापसावर निघून येतात आणि मग नवीन डायल छापण्याशिवाय इलाज राहत नाही, म्हणजे मेकॅनिकचंच काम वाढतं 😀

रिंगला स्क्रू नसतातच. मागच्या बाजूने बघा, रिंगच्या कडेला आत वळवलेले छोटे पत्र्याचे कान असतात आणि मीटरच्या डब्याच्या कडेला तेवढ्याच खाचा. रिंग फिरवून कान खाचांसमोर आले की ती पुढे निघते. पण आतला रबर इतक्या वर्षांत वाळून चिकटलेला असतो म्हणून ती हलत नाही, तिथे स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, रिंग वाकली तर परत गोल होत नाही. हेअर ड्रायरने कडेकडेने गरम करा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून हाताने थोडं इकडे थोडं तिकडे असं हलवत राहा. वेळ लागेल, लागू दे. गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे फवारू नका, ते आत झिरपून डायलवर डाग पाडतं. आणि हो, मीटरला हात लावायच्या आधी बॅटरीची वायर काढा.

उघडल्यावर तुम्हाला कळेल की घाण डायलवर कमी आणि काचेच्या आतच जास्त आहे. काच सुटी होते, ती साबणाच्या पाण्याने धुवा, निम्मं काम तिथेच झालं. डायलवर आधी कॅमेऱ्याचा हवेचा पंप, मग रंगकामाचा मऊ ब्रश. बुरशीच्या ठिपक्याला इअरबड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पिळून घ्या आणि टेकवत टेकवत उचला, घासू नका, आधी आकडे नसलेल्या कोपऱ्यात करून बघा. हसाल, पण थुंकी लावलेला इअरबड नुसत्या पाण्यापेक्षा चांगलं काम करतो, जुनी चित्रं साफ करणारे लोकसुद्धा हे करतात. नंतर पाण्याच्या बडने टिपून घ्यायचं.

उजेडासाठी डब्याची आतली बाजू बघा. तिथला फिकट रंग पिवळा पडून सोललेला असतो आणि बल्बचा उजेड त्याच्यावरूनच परत डायलवर येतो. पांढरा रंग मारला की त्याच २.२ वॅटच्या बल्बमध्ये फरक दिसतो. फक्त रंग मारताना मीटरचं आतलं मशीन डब्यात ठेवू नका.

सदाशिव_पेठी
डबल क्लचशी ९० टक्के सहमत, पण छापील डायल म्हणजे पाप असं काही नाही. आकडे खरंच उडालेले असतील तर लावावाच लागतो. मात्र त्यासाठी काटा काढावा लागतो आणि तो ओढून काढायच्या नादात खालची केसासारखी स्प्रिंग गेली की संपलंच. शिवाय आपल्याकडे छापणारे खालचे बारीक आकडे गाळतात. स्मिथ्सच्या डायलवर तळाशी जो चार आकडी नंबर असतो तो एका मैलाला केबलचे किती फेरे ते सांगतो, गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल बदललेला असेल तर वेग बरोबर दाखवतोय का हे त्यावरूनच कळतं. तेव्हा काहीही करण्याआधी डायलचा सरळ समोरून स्वच्छ फोटो काढून ठेवा. माझं मत विचाराल तर चार ठिपके राहिले तरी राहू देत, साठ वर्षांच्या गाडीत कालच छापलेला डायल डोळ्यात खुपतो.

ओव्हरड्राइव्ह_यूके
मी लेस्टरजवळ राहतो, माझीही मायनर आहे. थरथरणारा काटा बहुतेक वेळा मीटरचा दोष नसतो, केबल कोरडी किंवा कुठेतरी जास्त वाकलेली असते. मीटरमध्ये केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्यामुळे काट्याला जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची वाटी ओढली जाते, ती चुंबकाला टेकलेली नसते आणि स्प्रिंग तिला मागे खेचते. केबल अडखळत फिरली की काटा नाचणारच. आतली तार काढून पुसा, बोटाने पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचं शेवटचं वीतभर कोरडं ठेवा, नाहीतर ग्रीस चढून त्या वाटीत जातं आणि मग काटा भलताच वेग दाखवतो.

पेट्रोलच्या काट्यासाठी मीटर उघडायच्या आधी टाकीकडे जा. १९६१ च्या गाडीत जुन्या पद्धतीचा गेज (पेट्रोल दाखवणारा मीटर) आहे, चावी फिरवली की काटा टुणकन उडतो. नंतरच्या गाड्यांतला सावकाश चढतो आणि त्याला दहा व्होल्टचा स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असतो, यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ त्याचे आहेत, ते बघून तुमचा तपासू नका, सगळं उलटं होईल. तुमच्यात वायर तुटली की फुल्ल दाखवतो. चावी बंद ठेवून टाकीवरची हिरवी-काळी वायर सोडवा, बॉडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट जोडा आणि मगच चावी फिरवा. वायर हातात धरून ठिणगी पाडत बसू नका, खाली पेट्रोल आहे. काटा रिकाम्यावर आला तर गेज ठणठणीत, बिघाड टाकीतल्या सेंडरचा (पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) किंवा त्याच्या अर्थिंगचा.

अजून एक, मायनर कंपनीतून पॉझिटिव्ह अर्थची आलेली आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. एलईडी बल्ब घालणार असाल तर बाजारातले साधे यात उलटे जोडले जातात, पेटत नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

फोरव्हील_तात्या
मध्येच विचारतो, माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जीपचे सुटे मीटर आहेत, काट्यावर तपकिरी झालेला चकाकीचा रंग आहे. हाच उपाय चालेल का?

डबल_क्लच
तात्या, ते नका उघडू. त्या काळात चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही, ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. रंगाची भुकटी श्वासात गेली तर वाईट. काच शाबूत ठेवा, बाहेरून पुसा, बस.

रंकाळा_रायडर
सगळ्यांचे आभार. हिरवी-काळी वायर पत्र्याला जोडून बघितली, काटा धाडकन खाली! म्हणजे गेज चांगला. रिंग मात्र अजून जागची हललेली नाही, ट्यूबची पट्टी लावूनही हात घसरतोय.

डबल_क्लच
दोन्ही हातमोजे रबरी घाला, भांडी घासायचे असतात ते. आणि सेंडर बाहेर काढायच्या आधी त्याच्या स्क्रूखालचा गंज पॉलिश पेपरने घासून परत आवळून बघा, बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर टाकीचा वॉशर नवीन आणूनच सेंडर उघडा.