मदत हवी आहे : दिवसा २९० देणारी फायबर लाइन रात्री १५ वर का येते? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी मानेवाड्याकडे राहतो. घरी ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिवसभर नेट उत्तम चालतं. रात्री साडेआठ वाजले की घसरायला लागतं, ते थेट अकरापर्यंत. नेमकी तीच मुलीच्या नीटच्या लाइव्ह क्लासची वेळ. सर आकृती काढत असतात, चित्र तिथेच अडकतं, आणि परत सुरू होईपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो. रेकॉर्डिंग नंतर बघता येतं, पण शंका तेव्हाच विचारायची असते ना. तिची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून हे लवकर सुटायला हवं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं : "सर, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे, राउटर बंद करून चालू करा." म्हणून वायफाय बाजूलाच ठेवलं आणि लॅपटॉप केबलने जोडून तपासणी केली. तसंही आपल्याकडे उन्हाळाभर हॉलच्या दारात कूलर असतो. पत्र्याची बॉडी, टाकीभर पाणी, ओल्या ताट्या, त्यातून पलीकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल किती पोचणार? वायफायवरचे आकडे कंपनीसमोर ठेवण्यात काही अर्थ नाही.

केबलवर आधी काहीही केलं तरी ९४ च्या वर जात नव्हतं. हा आकडा कुणाला सतत दिसत असेल तर आधी केबल बघा. लाइन टाकायला आलेल्या मुलाने दिलेल्या केबलची पारदर्शक क्लिप उजेडात धरली, तर आत चारच तारा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी कापूनच टाकलेली. चार तारांवर जोडणी १०० एमबीपीएसचीच होते, आणि त्यातून हातात ९४-९५ येतात. आठही तारांची कॅट-६ केबल लावली आणि दुपारी २९० मिळाले. तेवढा भाग सुटला.

रात्रीचा मात्र सुटत नाही. केबलवरच, बाकी सगळी उपकरणं बंद ठेवून :

दुपारी स्पीड टेस्टच्या ॲपमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडला तर २९०, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) २२ मिलिसेकंद.
रात्री नऊच्या सुमारास तोच सर्व्हर १५, पिंग १४० च्या आसपास.
त्याच वेळी कंपनीचा स्वतःचा नागपूरचा सर्व्हर निवडला तर २७०!

ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ॲप आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तंत्रज्ञ तोच आकडा दाखवून "बघा, स्पीड तर येऊन राहिली" म्हणून निघून जातो.

आणखी एक. ओएनटीच्या (फायबरची वायर जिथे येते त्या घरातल्या डब्याच्या) सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २६.८ डीबीएम दिसते (उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). लाल दिवा लागत नाही, लाइन तुटतही नाही. पण हा आकडा काठावरचा आहे ना? रात्रीच्या त्रासाशी त्याचा संबंध असेल का? आधी कशाच्या मागे लागू?

प्रतिसाद

दादा, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, एकाच तक्रारीत घालू नका.

प्रकाश कमी असेल तर त्रास वेळ बघून येत नाही, नागपूरचा सर्व्हरही २७० देणार नाही. तरीही उणे २६.८ सोडू नका. साध्या जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) ओएनटीची मर्यादा साधारण उणे २७ धरतात, म्हणजे पावसाळ्यात लाल दिवा ठरलेलाच. प्रकाश मोजायचा पॉवर मीटर घेऊनच माणूस पाठवा म्हणावं. १४९० नॅनोमीटरवर (घराकडे येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी) खांबावरच्या डब्यात आणि घरात, दोन्हीकडे मोजायला लावा. तिथे उणे २० आणि घरात उणे २६ असेल तर मधल्या वायरीत तीन चतुर्थांश प्रकाश गेला. बहुतेक वेळा कपाटामागे वायर मुडपलेली असते, नाहीतर जोड कच्चा असतो. सिमेंट रस्त्याच्या कामात वायर तुटून घाईत जोडलेली असेल तर तेही बघा. हिरवी क्लिप निळ्या सॉकेटमध्ये बसवलेली नाही ना, एवढं तुम्हीच बघा. मात्र क्लिप काढून तोंडात डोकावू नका, आतला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

आता रात्रीचं. जीपॉनच्या एका पोर्टचे सुमारे २.५ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. गर्दी तिथे असती तर नागपूरचा सर्व्हरही बसला असता. खात्रीसाठी रात्री नऊला मुंबईच्या सर्व्हरकडे ट्रेसराउट चालवा, वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. राउटरनंतरचा पहिला टप्पा ३-४ मिलिसेकंदांवर स्थिर आणि पुढे एकदम शंभरावर गेला, टोकापर्यंत तसाच राहिला, तर गर्दी कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर. ते घरी येणारा मुलगा दुरुस्त करू शकत नाही, त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार, भाऊ. काल रात्री चालवलं. पहिला टप्पा ४ वर स्थिर, तिसऱ्यापासून १३० च्या वर, शेवटपर्यंत तसंच. दुपारी तोच मार्ग २२ मध्ये संपतो. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट जोडून स्वतंत्र तक्रार टाकली, तक्रार क्रमांक मिळाला. प्रकाशाची तक्रार वेगळी टाकली. समाधान झालं नाही तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाणार, त्याला शुल्क नाही.

तोवर क्लाससाठी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरतो. मानेवाडा, बेसा, अयोध्यानगर भागातल्या कुणाला रात्री असंच होत असेल तर कृपया मुंबईचा सर्व्हर निवडून, केबलवर, नऊच्या सुमाराचा आकडा इथे टाका. जास्त घरांचे आकडे अपिलाला जोडता येतील.