आतडं सुधारा, गोळ्या फेका? जरा दमानं घ्या!

सरळसोट: काल एकाने ठोकून दिलं: "मधुमेह, सांधेदुखी, नैराश्य, सगळ्याचं मूळ आतड्यातले जीवाणू. ते सुधारा, गोळ्या सोडा." खाली नुसती वाहवा! फीकल ट्रान्सप्लांटचा, म्हणजे निरोगी दात्याची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा, भक्कम पुरावा एकाच ठिकाणी आहे: पुन्हा पुन्हा उलटणारं सी. डिफिसील, म्हणजे जुलाब लावणाऱ्या जीवाणूचा आतड्यातला संसर्ग. 2013च्या डच चाचणीत पहिल्याच खेपेला 16पैकी 13 बरे झाले, व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकावर 13पैकी 4. पण तो संसर्ग. लठ्ठ पुरुषांना सडपातळ दात्यांची विष्ठा दिली, तेव्हा इन्शुलिनचा प्रतिसाद 6 आठवड्यांनी सुधारलेला दिसला. 18व्या आठवड्याला पुन्हा जैसे थे. एवढ्यावर गोळ्या सोडायच्या?

रानवारा: पोटाचा अल्सर जीवाणूमुळे होतो म्हटल्यावरही असंच हसले होते. डॉ. बॅरी मार्शलने ते जीवाणू स्वतः पिऊन दाखवले, 2005मध्ये नोबेल मिळालं. मग सगळे गप्प.

सरळसोट: तिथे एकच जीवाणू होता, मारला की काम झालं. इथे शेकडो जातींमधला गुन्हेगार कोण, ते तरी सांगा.

कुंपणावरचा: "एकाच ठिकाणी" कसं? अल्सरेटिव्ह कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहाची, 2017ची ऑस्ट्रेलियातली चाचणी बघा. 41पैकी 11 जणांना स्टेरॉइडशिवाय आराम, तुलनेच्या गटात 40पैकी 3.

सरळसोट: बरं, कोलायटिस घ्या. आठवड्यातून 5 दिवस विष्ठेचा एनिमा, असे 8 आठवडे. हेही लिहा म्हणजे निम्मे हौशी आपोआप गळतील.

मीठभाकर: ते सोडा. प्रतिजैविकासोबत सवयीने प्रोबायोटिक, म्हणजे 'चांगल्या' जीवाणूंच्या कॅप्सूल, खरडणाऱ्या डॉक्टरांवर कुणी बोलेल का? 2018च्या प्रयोगात कॅप्सूल घेणाऱ्यांचे मूळचे जीवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला!

रानवारा: जेमतेम 21 माणसं होती त्यात. प्रतिजैविकाने लागणारे जुलाब कॅप्सूलने कमी होतात, ते दिसत नाही?

मीठभाकर: मला कॅप्सूल घेऊनही लागले. वर पोट महिनोन्‌महिने फुगलेलं.

रानवारा: म्हणजे 21 माणसं कमी पडली म्हणून आता एका पोटावर निकाल.

मीठभाकर: भोगलंय मी, तुम्ही नाही. टिंगल आवरा.

कुंपणावरचा: दोघांचं खरं असू शकतं हो. जुलाब थांबणं वेगळं, मूळची वस्ती परत येणं वेगळं.

रानवारा: आले न्यायाधीश! माझ्या वहिनीची सांधेदुखी आहार बदलल्यावर गेली. तिला कुठली चाचणी दाखवू?

सरळसोट: सांधेवातावरचं मेथोट्रेक्सेट चालू होतं का?

रानवारा: होतं. नुकतंच सुरू केलं होतं. पण गुण आहाराचाच.

सरळसोट: त्या गोळीचा गुण दिसायलाच कित्येक आठवडे लागतात, महाराज.

रानवारा: आहारालाही लागतात. आणि प्रयोग करून बघण्यात तोटा काय?

सरळसोट: आहार खुशाल बदला. विष्ठेचं म्हणत असाल, तर 2019मध्ये दात्याकडून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय जीवाणूने एक रुग्ण दगावला. तोही रीतसर चाचणीत, घरगुती उद्योगात नव्हे. वहिनींची गोळी तेवढी बंद करू नका.

रानवारा: बंद केलेली नाही. ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे.