परदेशातून परतताना गाडीवरचं नाव कसं उतरवलंत? – अनुभव धागा

अकोटा

तिकडून बडोद्याला परत आलेल्यांसाठी आणि येत्या काही महिन्यांत येणार असलेल्यांसाठी हा धागा काढते आहे. सामान कसं पाठवायचं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, यावर आपण भरपूर बोलतो. तिकडच्या गाडीचा विषय मात्र राहून जातो. गाडी बहुतेकांची शेवटच्या आठवड्यात जाते. पैसे मिळाले, किल्ली दिली, की आपण मोकळे झालो असं वाटतं. पण सरकारी दप्तरात आपलं नाव राहिलं, तर पुढचा टोल, पार्किंगचा दंड, कुठे धडकली तर येणारी नोटीस, सगळं आपल्याच नावावर येतं. म्हणून किल्ली देण्याइतकंच नाव उतरवण्याकडे लक्ष द्या, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

माझा अनुभव कॅलिफोर्नियाचा. टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) नवरा-बायको दोघांची नावं असतील तर ती कशी जोडलीत ते आधी बघा. मध्ये 'ऑर' असेल तर एकाची सही पुरते. 'अँड' किंवा तिरकी रेघ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. आमच्या टायटलवर 'अँड' होतं, आणि सासूबाईंच्या आजारपणामुळे हे माझ्या आधीच इकडे आले होते. निघण्यापूर्वी त्यांनी डीएमव्हीचा (म्हणजे तिथल्या आरटीओचा) पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा फॉर्म (आरईजी २६०) सही करून माझ्याजवळ ठेवला होता, म्हणून सगळं मार्गी लागलं.

टायटलवर लिहिताना घाई नको. खाडाखोड झाली किंवा व्हाइटनर लागला की कागद बाद ठरू शकतो आणि नवं टायटल मागवावं लागू शकतं. ओडोमीटरचा आकडा मी गाडीत बसून, मीटरच्या काचेसमोर कागद धरून, एकेक अंक बघत लिहिला. २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेलला हा आकडा २० वर्षांपर्यंत लिहून द्यावाच लागतो. स्मॉग सर्टिफिकेट (धुराच्या तपासणीचं) काढायची जबाबदारी विकणाऱ्याची आणि ते ९० दिवस चालतं, त्यामुळे फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे गाडी दिल्याची डीएमव्हीला कळवायची नोटीस, आरईजी १३८. मुदत ५ दिवसांची, पण मी ती त्याच संध्याकाळी ऑनलाइन भरली. त्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि ओडोमीटरचा आकडा लागतो, तेव्हा किल्ली देण्याआधी हे सगळं उतरवून घ्या. शेवटी जे पोचीचं पान येतं त्याची प्रिंट मी अजून फाइलला लावून ठेवली आहे. पुढे एका पुलाच्या टोलचं बिल माझ्या नावाने निघालं, तेव्हा ते एक पान पाठवलं आणि विषय संपला.

आता तुम्ही लिहा. देश कुठलाही असो, बारीकसारीक तपशील द्या, तेच उपयोगी पडतात.

मांजलपूरकर

दुबई. तिथे क्रम चुकवून चालत नाही: आधी गाडी, मग व्हिसा. व्हिसा आणि एमिरेट्स आयडी चालू असताना मुल्कियावरून (गाडीच्या नोंदणी कार्डावरून) नाव उतरवून घ्या. एकदा ते रद्द झाले की साध्या कामांनाही दहा ठिकाणी विचारणा होते.

माझ्या गाडीवर लोन होतं, म्हणजे मुल्कियावर बँकेचा बोजा. तो उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. लोन फेडलं तरी बोजा उतरायला बँकेने फार वेळ घेतला, आणि गिऱ्हाईक रोज फोन करत होतं. ज्यांच्या गाडीवर लोन आहे त्यांना माझं आवर्जून सांगणं, नोकरीचा राजीनामा दिला की दुसऱ्याच दिवशी बँकेत जा. वाहतुकीचे सगळे दंडही आधी भरलेले लागतात. गाडी टेस्टिंगला पास व्हावी लागते आणि घेणाऱ्याचा नवा विमा तयार असावा लागतो. एवढं जमलं की पुढचं काम चटकन होतं, नवी मुल्किया तिथल्या तिथे हातात मिळते. त्यानंतर सालिकचं, म्हणजे टोलचं, खातं बंद करायला विसरू नका, नाहीतर तुमच्या पैशातून दुसऱ्याचा टोल कापला जातो.

फतेगंज

मांजलपूरकर, सौदीत तर याहून कडक. नावावर गाडी असेल तर फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा परवाना, निघतच नाही. तुमच्या नावावर काय काय आहे ते अबशिर या सरकारी ऑनलाइन सेवेवर दिसतं. तिथे गाड्यांच्या रकान्यात शून्य दिसल्याशिवाय तिकीट काढू नका. आमच्या कंपनीतल्या एकाच्या नावावर जुनी भंगारात दिलेली गाडी तशीच चालू दिसत होती आणि त्या माणसाचं सगळं अडकलं होतं.

सूरसागर काठ

इंग्लंड सगळ्यात सोपं, असं मी म्हणेन. व्ही५सी, म्हणजे तिथलं लॉगबुक, त्यावर ११ आकडी नंबर असतो. तो घालून डीव्हीएलएच्या (तिथल्या वाहन नोंदणी खात्याच्या) वेबसाइटवर गाडी विकल्याचं कळवायचं, घेणाऱ्याला लॉगबुकातली हिरवी चिठ्ठी फाडून द्यायची, झालं. मात्र दोन गोष्टी सांगते.

पहिली, लॉगबुकवर नाव असतं ते गाडी कोण बाळगतं त्याचं. मालकीचा पुरावा म्हणून ते धरत नाहीत. त्यामुळे पैसे किती, कधी, कुणी दिले, याची दोघांच्या सहीची पावती करून एक प्रत जवळ ठेवा.

दुसरी, रोड टॅक्स गाडीबरोबर पुढच्याला जात नाही. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा आपल्याला मिळतो, आणि त्याचा चेक लॉगबुकवरच्या पत्त्यावर येतो. आम्ही ते घर तोवर सोडलेलं असणार होतं. म्हणून मी आधी लॉगबुकवरचा पत्ता बदलून लेस्टरच्या नणंदेचा घातला, मगच गाडी विकली. चेक तिच्याकडे आला.

दांडिया बाजार

माझी गोष्ट जरा वेगळी आहे. इथे लिहावं की नाही असं वाटत होतं, पण कुणाला तरी लागेल म्हणून लिहितो.

माझे थोरले भाऊ ह्यूस्टनला होते. लग्न केलं नव्हतं. ते तिथेच अचानक गेले. मृत्युपत्र नव्हतं. बाकीचं आवरलं, गाडी मात्र त्यांच्या मित्राच्या दारात उभी होती. मित्र ती विकत घ्यायला तयार होता, पण भाऊच नाहीत तर सही कोण करणार?

टेक्सासात यासाठी वारसांचं प्रतिज्ञापत्र असतं, फॉर्म व्हीटीआर-२६२. कोर्टात वारशाचं प्रकरण चालू नसेल तर सगळ्या वारसांनी त्यावर नोटरीसमोर सह्या करायच्या. वारस म्हणजे आई आणि मी. कोठी कचेरीबाहेरच्या नोटरीचा शिक्का तिकडे चालेल का, हा पहिला प्रश्न. मी मित्रालाच काउंटीच्या टॅक्स ऑफिसात (तिथे गाड्यांची नोंद तेच करतं) पाठवलं आणि त्यांना काय चालतं ते विचारून घेतलं. तिकडे काय मान्य आहे ते कळल्याशिवाय इथे एक रुपयाही खर्च करू नका. आपला देश २००५ पासून अपोस्टीलच्या (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याच्या) करारात आहे, त्यामुळे काही ठिकाणी इथली नोटरी आणि वर अपोस्टील एवढ्यावर भागतं. आम्हाला अमेरिकन वकिलातीतल्या नोटरीचा मार्ग खात्रीचा वाटला.

वकिलात मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. कागद भरून न्यायचा, पण सहीची जागा कोरी ठेवायची, कारण सही त्यांच्यासमोरच व्हावी लागते. आईला गुडघ्यांमुळे प्रवास अवघड जातो, म्हणून आदल्या दिवशी जाऊन दादरला मावशीकडे राहिलो.

आई सही मराठीत करते. आयुष्यभर तशीच केली आहे, पासपोर्टवरही तीच आहे. इंग्रजीत करावी लागेल या धास्तीने ती मावशीकडे रात्री वहीत इंग्रजी सही गिरवत बसली होती. खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, यावर आहे तशीच करा. आईने सावकाश, वेलांटी-उकारासकट सही केली. त्या बाई घाई न करता थांबल्या. त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

मूळ कागद कुरियरने गेला. त्याबरोबर टायटल ट्रान्सफरचा अर्ज (१३०-यू) विक्रेता म्हणून आमच्या सह्या घालून पाठवला. मित्राने गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि नव्या कागदाचा फोटो पाठवला.

अकोटा

दांडिया बाजार, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. आईंना नमस्कार सांगा.

गोत्री रोड

जपान. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी असेल तर नाव बदलायला तुमच्या नोंदवलेल्या शिक्क्याचं (तिथे सहीऐवजी तो उमटवतात) प्रमाणपत्र लागतं आणि ते ३ महिन्यांच्या आतलं असावं लागतं. वॉर्ड ऑफिसात 'आम्ही देश सोडतो' अशी नोंद केली की जाण्याच्या तारखेला शिक्क्याची नोंदणीही रद्द होते, मग प्रमाणपत्र निघत नाही. म्हणून आधी प्रमाणपत्र हातात घ्या, शिक्का उमटवून गाडीचे कागद पुरे करा, मग ती नोंद. पिवळ्या प्लेटच्या छोट्या गाडीला, तिथे केई म्हणतात, ही भानगड नाही.

कारेलीबाग

मी माझ्या मुलाच्या वतीने लिहिते आहे. तो कॅनडात ओंटारिओत होता, आता इथेच नोकरीला लागला आहे. तिकडे गाडी खाजगीत विकताना सरकारी माहितीचं पाकीट, यूव्हीआयपी, विकणाऱ्याने घेणाऱ्याला द्यावं लागतं. त्यात गाडीवर कुणाचं कर्ज आहे का, आधी कोणाकोणाच्या नावावर होती, हे सगळं येतं. आणि नंबर प्लेट माणसाची, गाडीची नव्हे, म्हणून ती काढून घ्यायची. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे प्लेटचे स्क्रू पार गंजले होते. माझ्या मुलाने रात्रभर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी पान्याने काढले. काहीजण प्लेट तशीच सोडून येतात. तसं करू नका. पुढचा माणूस नवी प्लेट न घेता गाडी पळवत राहिला, तर टोलचं बिल प्लेटवरच्या नावाने येतं.

निजामपुरा

जर्मनी, थोडक्यात. गाडीचे दोन कागद असतात, त्यातला 'टाइल २', म्हणजे भाग २, जिवापाड जपा, तो नसेल तर पुढे काही हलत नाही. आम्ही गाडी देण्याआधीच नोंदणी रद्द करून घेतली. टॅक्स आणि विमा आपोआप थांबले, वेगळं काही कळवावं लागलं नाही.

फतेगंज

कुणी उलट दिशेने जात असेल, म्हणजे जीजे-०६ची (बडोदा पासिंगची) गाडी इथे ठेवून परदेशी, तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या म्हणजे नाव बदललं असं धरू नका. नव्या आरसीची प्रत बघितल्याशिवाय विमानात बसू नका.

वाघोडिया रोड

धागा वाचून धीर आला. मी पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कहून कायमची येते आहे. गाडी मैत्रिणीला देणार आहे. विम्याचा हप्ता उगाच जाऊ नये म्हणून तो आधी बंद केला तर चालेल का?

अकोटा

नको, विमा सगळ्यात शेवटी बंद करा. न्यूयॉर्कमध्ये प्लेट नावावर असताना विमा थांबला तर रजिस्ट्रेशन निलंबित होतं, आणि पुढे लायसन्सवरही येऊ शकतं. टायटलच्या मागे सही करून ते मैत्रिणीला द्या, सोबत विक्रीची पावती आणि सेल्स टॅक्सचा डीटीएफ-८०२ फॉर्म दोघींनी मिळून भरा. प्लेट दोन्ही काढून घ्या. मैत्रीण गाडी स्वतःच्या प्लेटवर नेईल, तुमच्या प्लेटवर तिला एक दिवसही चालवू देऊ नका. मग प्लेट डीएमव्हीत जमा करा. पोस्टानेही जमा करता येतात, पण तुम्ही अजून तिथे आहात तर स्वतः जा, म्हणजे पावती लगेच हातात येईल. त्या पावतीला एफएस-६टी म्हणतात. तिचा फोटो काढा, मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा आणि मग विमा कंपनीला फोन करा.