राईतल्या अशोकाची साल व्यापाऱ्याला द्यावी का?

सत्तरीची सून:
नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या राईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलात, सीता अशोकाची मोठी झाडं आहेत, खाली सावलीत सर्पगंधा ही औषधी वनस्पतीही आहे. आता एक व्यापारी मागे लागलाय, अशोकाची साल किलोवर घेतो आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देतो म्हणतो. अर्धा गाव तयार आहे, म्हणे साल काय, परत येते. पण सासरे म्हणतात राईतलं सुकं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही, औषधाला काही हवं तर देवाला गाऱ्हाणं घालून, म्हणजे त्याची परवानगी मागून, वैद्यानेच आणायचं. रविवारी बैठक आहे, काय सांगू?

कुळागरवाला:
अजिबात देऊ नका!! एका बाजूची लहान पट्टी काढली तर जखम भरते, पण किलोवर घेणारा खोडाभोवती गोल सोलतो. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांना जातं, ती वाट तुटली की मुळं उपाशी मरतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. अशोकाच्या सालीपासून करतात त्या अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला मागणी एवढी की बाजारात आसुपालवाची, म्हणजे खोट्या अशोकाची, साल मिसळतात, म्हणून खऱ्या अशोकासाठी हे लोक राईपर्यंत पोचतात. नरक्या नावाच्या झाडाचंही असंच झालं, कॅन्सरच्या औषधाला लागणारं कॅम्प्टोथेसिन त्यात मिळतं कळल्यावर सह्याद्रीतून टेम्पो भरभरून गेला.

वैद्याची नात, वाळपई:
सासरे बरोबर सांगतायत. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यात धंद्यासाठी वनस्पती नेणाऱ्याने आधी राज्याच्या जैवविविधता मंडळाला कळवायचं असतं, गावच्या लोकांना आणि वैद्यांना मात्र सूट आहे. म्हणजे गावाची रीतच कायद्यात आलीय. व्यापाऱ्याकडे कागद मागा आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीला बैठकीला बोलवा. राई म्हादई अभयारण्यात येत असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही.

गावकार:
बैठकीआधी चार जणांना घेऊन बांबरला निरंकार देवाच्या राईत जाऊन या. जंगली जायफळाची मुळं चिखलातून गुडघे दुमडल्यासारखी वर आलेली दिसतील. अशी गोड्या पाण्याची दलदल आता फार थोड्या ठिकाणी उरलीय आणि ही वाचली ती देवाची म्हणून. देवळाला पैसे हवेत तर वर्गणी काढूया, आमच्या गावातूनही देऊ, पण देवाचीच झाडं सोलून देवाचं छप्पर नको गो बाय.

सत्तरीची सून:
खूप आधार वाटला. राईतलं बी घेऊन परसात रोपं केली तर चालेल ना?

कुळागरवाला:
गाऱ्हाणं घालून थोडं घ्या, बाकीचं राईतच पडू दे. अशोकाचं बी ताजंच पेरा, वाळवून ठेवलं तर उगवत नाही. सर्पगंधाचं औषध मुळात असतं, म्हणजे काढायचं तर अख्खं झाड उपटावं लागतं, त्यामुळे ती आधी परसात वाढवा. पिशव्या आणि शेणखत माझ्याकडून न्या.