एपिटॅलॉन : ‘चारच तर अमिनो आम्लं’

‘चारच अमिनो आम्लं आहेत, शरीराला काय अपाय होणार?’ असं म्हातारपण रोखायला म्हणून विकल्या जाणाऱ्या एपिटॅलॉन या पेप्टाइडबद्दल (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीबद्दल) म्हटलं जातं, म्हणून लिहितो. विषारीपणा घटकांच्या संख्येवर ठरत नाही हो, सायनाइडमध्ये तर दोनच अणू असतात!

एपिटॅलॉन सेंट पीटर्सबर्गचे संशोधक व्लादिमीर खाविन्सन यांच्या गटाचं. २००३ मध्ये त्यांनी माणसाच्या पेशींवर प्रयोगशाळेत टेलोमरेज (गुणसूत्रांची टोकं लांबवणारं विकर) सक्रिय झाल्याचं मांडलं. जाहिराती सगळ्या त्यावरच उभ्या आहेत. पण बहुतेक कर्करोगाच्या पेशी अमर होतात त्याही टेलोमरेजच्याच जोरावर, हे कुणी सांगत नाही. त्याच वर्षी रशियन संशोधक आनिसिमोव यांनी एपिटॅलॉन देऊन उंदरांच्या माद्यांवर केलेला प्रयोग बघा : सरासरी आयुष्य वाढलं नाही, फक्त शेवटपर्यंत टिकलेल्या १० टक्के माद्या सुमारे १३ टक्के जास्त जगल्या. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) कमी दिसला, हेही खरं. म्हणजे कर्करोगाची भीती सिद्ध नाही आणि फायदाही सिद्ध नाही.

माणसांवरचे म्हणून जे दाखले देतात, त्यातले बरेचसे एपिथॅलामिनचे, म्हणजे गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीच्या अर्काचे. ती वेगळी वस्तू आहे, आणि कामही मुख्यतः त्याच गटाचं.

ऑनलाइन मिळणारी कुपी हातात घेऊन बघा. तळाशी पांढरी भुकटी आणि लेबलवर बारीक अक्षरात ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. विकणाराच हात झटकून मोकळा. आत पेप्टाइड किती, जंतुविरहित आहे का, कोण तपासणार? तुमच्या डॉक्टरांना ते लेबल एकदा दाखवाच.