वॉरहॅमर ओल्ड वर्ल्ड: क्लबातल्या पहिल्याच लढाईत घोडदळ उधळलं, चुकलं नक्की काय?

बेशिस्त_सरदार
नमस्कार मंडळी. मी दीड वर्षापासून इंग्लंडात, मिडलंड्समधल्या एका छोट्या गावात. इथे चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी गेमिंग क्लब भरतो, ऑफिसातला एकजण घेऊन गेला आणि मी अडकलो. वॉरहॅमर ओल्ड वर्ल्ड म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांची सैन्यं इंचांच्या मापाने हलवून, फासे टाकून लढायचा खेळ. सेकंडहँड ब्रेटोनियन सरदार (खेळातल्या एका सैन्याचे भालेवाले घोडेस्वार) घेतले, तीन महिने जागून रंगवले आणि गेल्या गुरुवारी पहिली खरी लढाई झाली, 1000 पॉइंटची, म्हणजे दोघांची सैन्यं तेवढ्या किमतीची. समोर साठीचे एक काका, त्यांच्याकडे ऑर्क आणि गॉब्लिन (हिरवे राक्षस आणि त्यांचे छोटे भाऊबंद), त्यातले कित्येक शिशाचे जुने, म्हणे ऐंशीच्या दशकातले, रंग टवके उडालेले पण काय दिसत होते राव.

तर झालं असं. माझे सहा सरदार एका ओळीत, सहाच्या सहा पुढे, म्हटलं सगळे भाले एकदम लागू देत. दुसऱ्या फेरीत त्यांचे लांडग्यांवरचे गॉब्लिन माझ्यासमोर 13 इंचांवर येऊन उभे राहिले, अगदी नाकासमोर. घोड्याची चाल 8 इंच, म्हणजे फाशावर 5 लागणार, म्हटलं होऊन जाऊ दे. चार्ज, म्हणजे थेट हल्ला, बोललो आणि काका शांतपणे म्हणाले, पळालो. गॉब्लिन गेले निघून, माझे सरदार फासा पडला तेवढे 5 इंच पुढे जाऊन मैदानाच्या मध्यात उभे, जत्रेत चुकलेल्या पोरासारखे. पुढच्या फेरीत डावीकडून रानडुकरांवरचे ऑर्क आले ते थेट बगलेत. त्यांनी माझे दोन मारले, मी एकही नाही. हाणामारीचे गुण मोजले, त्यांचे 2 अधिक बगलेचा 1 अधिक झेंड्याचा 1, माझा फक्त झेंड्याचा 1, म्हणजे 3 ने हरलो. लीडरशिप, म्हणजे तुकडीचं धैर्य, 8 होती, फासे पडले 6 आणि 4. पळाले, पाठलागात सापडले, खेळ खल्लास. त्यात हॉल दहाला बंद होतो म्हणून चौथ्याच फेरीत आवरावं लागलं.

प्रश्न एवढाच, हे फाशांमुळे झालं की माझ्यामुळे? घरी येताना गाडीत मी फाशांना शिव्या घालत होतो पण आता डाउट येतोय. येत्या गुरुवारी काका परत खेळू म्हणालेत.

लांबपल्ला
तुझ्यामुळे. वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही सगळे याच रस्त्याने आलोय.

आधी फाशांचा हिशोब करून टाकतो म्हणजे तो विषय संपेल. चार्जला दोन फासे टाकून मोठा तो घ्यायचा असतो, त्यात 5 किंवा 6 येण्याची शक्यता 36 पैकी 20. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त, ठीकठाक. पण तू 5 पडतील का याचा विचार केलास, समोरचा थांबलाच नाही तर आपण कुठे उभे असू याचा केला नाहीस. त्या काकांना तुझा फासा काय पडतो याने काडीचाही फरक पडत नव्हता. याला हूल देणं म्हणतात रे, आणि आपण लहानपणापासून गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत मोठे झालो आणि इथे गॉब्लिन आपल्यालाच खोऱ्यात ओढून नेतात 😄

आता दुसरा फासा. 3 ने हरलास, लीडरशिप 8. दोन फाशांची बेरीज 5 किंवा कमी आली असती तर नुसते थोडे मागे रेटले गेले असते, 36 पैकी 10 वेळा. 6 ते 8 आलं असतं तर शिस्तीत माघार, ती 16 वेळा. आणि 9 किंवा वर मोडून पळ, ती पण 10 वेळा. तुझे 10 पडले. म्हणजे नशीब खराब होतंच, नाही म्हणत नाही. पण त्या फाशापर्यंत चालत तूच गेलास ना.

खरी चूक त्याच्याही आधीची आहे आणि ती तू सहज लिहून गेलास. सहाच्या सहा एका ओळीत. तुकडी वळवताना एक कोपरा जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा आणि बाहेरचा कोपरा जेवढा फिरला तेवढे इंच खर्च. सहा घोडे 30 मिमी रुंद बेसवर (पुतळ्याखालची चौकोनी पट्टी) म्हणजे 180 मिमी, साधारण 7 इंच रुंदी. काटकोनात वळायला बाहेरच्या कोपऱ्याला 11 इंच लागतात. तुझी चाल 8. म्हणजे ती डुकरं बाजूला दिसत असूनही एका साध्या चालीत असं वळून तू तोंड फिरवू शकत नव्हतास. तीन-तीनच्या दोन ओळी केल्या असत्यास तर तेच वळण साडेपाच इंचात. भाले कमी लागतात, मान्य, पण मान तरी वळते. आमच्या क्लबात एकजण याला दार म्हणतो, रुंद दार उघडायला जागा जास्त लागते.

कुंचला
वर लांबपल्ला म्हणतात ते 30 मिमी तुझ्या सरदारांना आहेत का ते आधी बघ. सेकंडहँड असतील तर बहुतेक जुने 25 बाय 50 चे असणार. ओल्ड वर्ल्डमध्ये घोडेस्वार 30 बाय 60 वर गेलेत, पायदळ बरंचसं 20 वरून 25 वर, ऑर्क 25 वरून 30. म्हणून क्लबातल्या जुन्या लोकांची निम्मी चर्चा बेसचीच असते, आमच्याकडे तर चहाच्या ब्रेकमध्येही तेच. उखडून नवीन चिकटवायची गरज नाही, पाय तुटतात घोड्यांचे, मी दोन तोडलेत. मोठ्या खाचांचा एमडीएफचा ट्रे मिळतो, त्यात जुना बेस ठेवायचा की झाली रुंदी बरोबर. मी तर सुरुवातीला कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा मापाने कापून खाली घातला होता आणि कोणी काही बोललं नाही.

आणि रंगवलेले फोटो टाक की. तीन महिने घालवलेत म्हणतोस. मी अजून सात ऑर्कवर अडकलेय, प्रायमर, बेसकोट, मग काळा वॉश (पातळ रंग), की सगळे एकसारखे चिखलात लोळल्यासारखे दिसतात. हिरव्याला हायलाइट फिकट पिवळा मिसळून दे, पांढरा मिसळलास की मिंटच्या गोळीसारखा होतो, अनुभव आहे.

पुणेरी_पाटी
मला एक कळत नाही, मोठी माणसं टेप घेऊन टेबलावर बाहुल्या सरकवतात यात नक्की काय आहे? तेवढ्या पैशात चांगला कॅरम बोर्ड येतो आणि तो पन्नास वर्षं टिकतो.

लांबपल्ला
@पुणेरी_पाटी दिवाळीत किल्ला केलाय ना? मावळा बुरुजावर ठेवायचा की दरवाजात यावरून भावाशी भांडलाय ना? तेच आहे हे, फक्त इथे मावळा चालतो आणि समोरचा मावळा पण चालतो. कॅरमबद्दल वाद नाही.

आणि बाहुल्यांचं म्हणाल तर हे काही कालचं फॅड नाही. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला क्रीगश्पील (युद्धाचा खेळ) होता, 1824 चा. एच. जी. वेल्ससारख्या माणसाने 1913 मध्ये शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन खेळायच्या नियमांचं अख्खं पुस्तक लिहिलंय. वॉरहॅमर 1983 पासून. मूळ फँटसी लढाई कंपनीने 2015 ला बंद केली, त्या जागी गोल बेसवाला दुसरा खेळ आणला, तेव्हा जुने लोक चौकोनी बेस कपाटात ठेवून बसले ते 2024 च्या जानेवारीत ओल्ड वर्ल्ड आल्यावर बाहेर निघाले. त्या काकांचे शिशाचे गॉब्लिन असेच बाहेर आले असणार.

पुणेरी_पाटी
किल्ल्याचा मुद्दा मान्य. आमचा मावळा दरवाजातच असायचा. बाकी चालू द्या.

चहा_दोन_साखर
मी लीड्सजवळ खेळतो, वेळेबद्दल सांगतो कारण त्यावर कोणीच बोललं नाही. चौथ्या फेरीत आवरावं लागणं हे हॉलवाल्या सगळ्या क्लबांचं दुखणं आहे, खुर्च्या घड्या घालायच्या, टेबलं भिंतीला लावायची, केटल रिकामी करायची, म्हणजे साडेनऊलाच फासे खिशात. 1000 पॉइंटला 6 बाय 4 फुटांचं टेबल लागत नाही, 4 बाय 4 वर खेळा, इकडून तिकडे नुसतं चालण्यात जाणारा वेळ वाचतो. नियमांची पानं कागदावर उतरवून ने, दर वेळी पुस्तक उघडलंस की पाच मिनिटं गेली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हलवताना तोंडाने बोल. मी या गॉब्लिनपासून 14 इंचांच्या बाहेर राहतोय, बरोबर ना? असं समोरच्याला विचारून मग ठेव. नंतर बाही लागून तुकडी अर्धा इंच सरकली तरी भांडण होत नाही, काय ठरलं होतं ते दोघांना माहीत असतं. इथली म्हातारी मंडळी याला फार मानतात. फासा टेकडीला किंवा पुस्तकाला टेकून तिरका उभा राहिला तर परत टाकायचा, चांगला पडला असला तरी. तेवढं सांभाळलंस की पुढच्या वेळी काका स्वतःच तुझ्या चुका दाखवतील.

बेशिस्त_सरदार
धन्यवाद सगळ्यांना, 11 इंचांचं वाचून मी अक्षरशः डायनिंग टेबलवर पुठ्ठा कापून फिरवून बघितला. खरंय. बेस पण 25 बाय 50 चेच निघाले, पण त्या मापानेही वळायला सव्वानऊ इंच लागतात, म्हणजे तसाही अडकलोच असतो. त्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल चालू होता, तिला वाटलं मी घराचं फर्निचर लावतोय. सरदार दाखवले तर म्हणाली घोडे छान आहेत, पण यांचे चेहरे का नाही रंगवलेस. हेल्मेट आहे गं आई.

काल झाली लढाई, 4 बाय 4 वर. तीन-तीनच्या दोन ओळी. काकांनी परत लांडगे आणून ठेवले, 12 इंचांवर, आणि माझ्याकडे बघून हसले. मी चार्ज केला नाही. माझे धनुर्धारी शेतकरी मी आधी विसरल्यासारखे कोपऱ्यात ठेवायचो, ते या वेळी मध्ये आणले होते, त्यांनी बाण मारले, तीन लांडगे पडले आणि उरलेले घाबरून पळाले. काका म्हणाले, हं. एवढंच. डुकरं आली बगलेत शिरायला, तेव्हा मी तोंड वळवून उभा होतो. मग पायदळातून त्यांनी साखळीला लोखंडी गोळे बांधून गरगर फिरणारे वेडे गॉब्लिन बाहेर सोडले, त्यांच्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं हां. एकटा येऊन चार सरदार आडवे करून गेला.

हरलोच, पण सहाही फेऱ्या झाल्या आणि पावणेदहाला केटल मी रिकामी केली. आता त्या गोळेवाल्यांचं काय करायचं ते सांगा.

लांबपल्ला
कोणतीतरी स्वस्त तुकडी आधी जवळ पाठव, ते बाहेर आले की मग सरदार. शेतकरी आहेतच ना तुझ्याकडे.

कुंचला
बिचारे शेतकरी. फोटो अजून आले नाहीत.