मदत हवी आहे: कलेच्या तासाचा दिवा उभाच राहत नाही

नीलपंख: बगळ्याच्या आकाराचा दिवा केलाय. उभा केला की पुढे कोलमडतो. परवा द्यायचा आहे, आणि सोबत रचना-बांधणीवर मनन लिहायचंय, तेही सुचत नाहीये. लवकर सांगा प्लीज.

तारकाम: कशाचा केलाय? उंची किती? बूड केवढं? बल्ब कुठे बसवलाय? एवढं तरी लिहा.

चाकावरची माती: असली कामं मातीतच करावीत. आतून पोकळ ठेवायचं, भिंतींची जाडी सारखी, सांधे खरवडून पातळ मातीने जोडायचे. बूड आपोआप जड होतं.

तारकाम: अहो, परवा द्यायचंय त्यांना! ओल राहिलेली वस्तू भट्टीत घातली तर वाफेने फुटेल.

चाकावरची माती: ते मलाही ठाऊक आहे. पुढच्या वेळेसाठी सांगितलं. कागदाच्या लगद्याचा केला असेल तर त्याला वजनच नसतं, म्हणून ही वेळ येते.

रंगरेषा: अ‍ॅक्रिलिक रंग द्या आणि वरून मॅट वॉर्निश. चकाकी आली की दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो.

नीलपंख: रंग झालाय हो. तारेचा सांगाडा, वर कागदाचा लगदा, उंची दोन फूट. खाली तळहाताएवढी पुठ्ठ्याची चकती. बल्ब चोचीत.

तारकाम: मग पडणारच. होल्डर, बल्ब सगळं पुढे आलंय. दिवा दोन वेगवेगळ्या जागी दोरीने टांगून बघा. दोन्ही वेळा दोरीची रेघ सरळ खाली वाढवा, छेदतात तिथे गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं ती जागा. त्याच्या खाली बूड हवंच. प्लायची मोठी चकती लावा, चोचीच्या खालपर्यंत येईल अशी.

सांधेजोड: एवढ्या मोठ्या ताटात उभा केला तर बगळ्याचे बारीक पाय मारले जातील, सगळी ऐट त्या पायांत आहे. त्यापेक्षा शेपटीत खडे भरा. गुरुत्वमध्य मागे येईल.

तारकाम: शेपटीत वजन उंचावर राहतं, धक्का लागला की डुलेल. भरायचंच तर बुडात, मागच्या बाजूला.

रंगरेषा: बल्ब कोणता पण? साधा फिलामेंटचा असेल तर आधी काढा, त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि भोवती कागद आहे. कमी वॅटचा एलईडी लावा, तरी हवेला वाट ठेवा.

जुनी पाटी: वापरायची वस्तू शिल्प कशी, हा मला नेहमीचा प्रश्न. इसामू नोगुची मूळचा शिल्पकार, पण १९५१ पासून त्याने जपानमधल्या गिफूच्या कारागिरांकडून बांबू आणि कागदाचे दिवे करून घेतले आणि त्यांना शिल्पच मानलं.

सांधेजोड: नीलपंख, मननात हे तोल जाणंच लिहा ना. मान पुढे झुकलेली का हवी होती, त्यासाठी वजन कुठे हलवलं, पाय जाड करणं का टाळलं.

चाकावरची माती: साहित्य आणि कृतीही लिहा. शिक्षक आधी तेच तपासतात.

सांधेजोड: ती यादी झाली, मनन नाही.

नीलपंख: एलईडीच आहे. बुडात मागे दगड बसवला, उभा राहिला!! मोठी चकती नाही लावली, पाय तसेच हवे होते. पण वायर चोचीतून लोंबते, ओढली गेली की मान हलते.

तारकाम: वायर मानेतून आणि पायाला लागून खाली आणा, बुडाच्या मागून बाहेर काढा. बुडाशीच एक पक्की पट्टी मारा, म्हणजे ताण वर जाणार नाही. प्लग काढून मगच हात लावा.